पाळीचा तक्ता

रविवार, २२ मार्च २०२० हा दिवस दिल्लीकरांच्या स्मरणातून सहजी जाणार नाही. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता लोकांनी गच्च्यांवर, सज्जांत, खिडक्यांशी उभे राहून थाळ्या, घंटा आणि शंख वाजविले. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याविषयीची कृतज्ञता प्रकट करण्याचा तो प्रकार होता, आणि ती कृतज्ञता खोटी होती असे मी म्हणणार नाही. मी स्वतः सहकुटुंब सज्जात उभा होतो; देवघरातली पितळी घंटा माझ्या हाती होती. नेमका त्याच वेळी दूरध्वनी वाजला. ज्या सरकारी रुग्णालयाच्या व्यवस्थेशी माझा त्या काळात कामानिमित्त संबंध आला होता, तेथील अधिसेविकाबाई बोलत होत्या. जुन्या पिढीतले लोक या पदाला अजून मेट्रन म्हणतात. बाई मूळच्या केरळच्या. पण तीस-पस्तीस वर्षे दिल्लीत गेलेली. त्यांच्याकडूनही तोच घणघणाट ऐकू येत होता. त्यावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "सर, उद्या सकाळच्या पाळीला किट किती येणार, तेवढे सांगा. म्हणजे मला तक्ता लिहिता येईल."

आकडा माझ्यापाशी नव्हता. तसे मी त्यांना सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग मी दोन तक्ते लिहिते. एक किट आल्यास, एक न आल्यास."

महामारीच्या काळातील परिचारिकांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांतले बरेचसे त्यागाविषयी आहे. मला मात्र या तक्त्याविषयी बोलावयाचे आहे. कारण पुढच्या दीड वर्षात मला जे काही उमजले, ते त्या आखीव कागदापाशी उभे राहून उमजले.

पाळीचा तक्ता म्हणजे काय, हे ज्याने रुग्णालय केवळ रुग्ण म्हणून पाहिले आहे त्यास ठाऊक नसते. डाव्या बाजूस नावे, वर तारखा, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर: सकाळ, दुपार, रात्र किंवा सुट्टी. एवढाच तो कागद. परंतु कोणी कोणत्या कक्षात जावयाचे, कोणाचे मूल आजारी असता कोणास रात्रपाळी लावावयाची, नवख्या मुलीबरोबर कोणती जाणती परिचारिका द्यावयाची, हे सारे त्यात ठरत असते. शांततेच्या काळात हा तक्ता कोणी निरखून पाहत नाही. साथीत तो न्यायनिवाड्याचा कागद होतो. कारण आज कोणाचा जीव धोक्यात जावयाचा, हे त्या चौकटींत लिहिलेले असते.

प्रथम थोडे गणित सांगतो. आम्ही फायलींतली माणसे गणितावाचून हलत नाही. केंद्र सरकारी रुग्णालयांसाठी ठरलेल्या प्रमाणानुसार सर्वसाधारण कक्षात प्रत्येक पाळीस सहा खाटांमागे एक परिचारिका असावी आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक असावी. तेव्हा अतिदक्षतेच्या दहा खाटा चालवावयाच्या तर तीन पाळ्यांना तीस परिचारिका लागतात. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरल्या की हाच आकडा चाळिसाच्या वर जातो. आता साथ येते. पीपीई किट नावाचा तो बंदिस्त पोशाख घालून आठ तास काम करणे माणसाच्या आटोक्यातले नाही, म्हणून सहा तासांची पाळी ठरते. तीनऐवजी चार पाळ्या झाल्या. म्हणजे रजा-सुट्ट्या न धरताच चाळीस. पहिल्या महिन्यांत एका तुकडीने चौदा दिवस काम करावयाचे व नंतर चौदा दिवस अलग राहावयाचे, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे ऐंशी. खाटा दहाच्या दहाच. परिचारिका मात्र तीसवरून ऐंशी! या ऐंशी आणावयाच्या कोठून? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुइणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मास त्या वर्षी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संघटनेने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगातील परिचारिकांची संख्या २ कोटी ७९ लाख आणि उणीव ५९ लाखांची दाखविली होती. ही उणीव साथीने निर्माण केलेली नव्हती. ती आधीपासूनच घरात होती. साथीने फक्त दिवा लावला.

त्या पोशाखाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दुहेरी हातमोजे, मुखपट्टी, तीवर पारदर्शक ढाल, डोळ्यांस घट्ट चष्मा आणि अंगभर न विणलेल्या कापडाचा अखंड अंगरखा. दिल्लीचा मे-जून महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. आणि संसर्ग पसरेल या धास्तीने पुष्कळ कक्षांतील मध्यवर्ती वातानुकूलन बंद ठेवलेले. पाळी सुरू होण्यापूर्वी दोन तास पाणी वर्ज्य, कारण मध्ये उठता येत नाही. मासिक धर्माच्या दिवसांत काय करावयाचे, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीच्या टिपणीत आलेला नाही. बैठकीस बसणारे बहुतेक पुरुष होते. चेहरे दिसत नसल्यामुळे परिचारिका एकमेकींच्या पाठीवर शाईच्या जाड कुंच्याने नावे लिहीत. रुग्णांना त्या सगळ्या सारख्याच. एक म्हातारे गृहस्थ तीन आठवडे राहून बरे झाले, जाताना हात जोडून म्हणाले, "मी कोणाचे आभार मानू? मी तर कोणाला पाहिलेच नाही."

आमच्याकडे बार्शीकडची एक परिचारिका होती. दिल्लीत मराठी कानावर पडले की पाऊल आपोआप थबकते. एकदा तिला विचारले, तहानेचे काय करता? ती म्हणाली, "साहेब, प्यायचंच नाही म्हटलं की तहान लागतच नाही हो. पण चष्म्यावर वाफ धरली की शीर सापडत नाही. दोनदा सुई टोचावी लागली की पेशंटची माफी मागावीशी वाटते." गैरसोयीबद्दल विचारले तर उत्तर आले ते कामातल्या उणेपणाबद्दल. पुढेही अनेकींकडून मी हेच ऐकले. आपण नेहमी करतो तेवढे चांगले आज करता येत नाही, ही टोचणी त्यांना घामापेक्षा अधिक छळीत होती. रुग्णास श्वास सुलभ व्हावा म्हणून त्याला पालथे करावे लागे. नळ्या न निसटू देता एका जड माणसाला वळविण्यास चार-पाच जण लागतात, आणि पाळीवर असत दोघी. नातेवाइकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे आईच्या कानाशी मुलाचा दूरध्वनी धरणे, आणि कधी अखेरच्या क्षणी तो धरून उभे राहणे, हेही परिचारिकेच्याच वाट्यास आले. या कामाची चौकट कोणत्याही तक्त्यात नसते.

आता माझ्या चुकीकडे वळतो. एप्रिलच्या आरंभी बाईंचा भार हलका करावा या सद्हेतूने मी स्वतःच एक तक्ता तयार करविला. त्यात करोना-कक्षासाठी वयाने लहान अशा परिचारिका निवडल्या होत्या. तरुणांना या रोगाचा धोका कमी, हे वैद्यकीय मत त्यामागे होते. कागद व्यवस्थित होता. बाईंनी तो दोन मिनिटे पाहिला आणि परत केला. म्हणाल्या, "सर, यात वीसपैकी सतरा मुली कंत्राटी आहेत."

माझ्या ते ध्यानातच आले नव्हते. आमच्याकडे तरुण म्हणजे बहुधा कंत्राटी; कायम जागा भरल्या गेल्या नव्हत्या. ज्यांचा पगार निम्मा, ज्यांना पुढच्या वर्षीच्या नोकरीची शाश्वती नाही, त्यांनाच मी वयाचे कारण दाखवून आघाडीवर धाडीत होतो. बाईंनी नवा तक्ता लिहिला. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि गंभीर आजार असलेल्या वगळून सर्व नावे एका क्रमात, कायम आणि कंत्राटी सरमिसळ. हा तक्ता त्यांनी कार्यालयात न ठेवता परिचारिकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर लावला, महिनाभराचा एकदम. कोणाची पाळी केव्हा येणार हे प्रत्येकीस कळले, आणि दुसरीची केव्हा हेही. कुरकूर झाली, वशिल्याचे दूरध्वनी मलाही आले. पण ज्या दिवशी तक्ता भिंतीवर लागला त्या दिवसापासून 'मीच का?' हा प्रश्न मी ऐकला नाही. त्याच सुमारास अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिचारिकांची संघटना जाहीरपणे काय मागत होती ते पाहा. जून २०२० मधील त्यांच्या मागण्यांत पोशाखातील पाळी चार तासांची असावी आणि करोना व इतर कक्षांत आळीपाळीने जाण्याचे धोरण सर्वांस सारखे असावे, या मागण्या ठळक होत्या. मागणे होते ते तक्त्याचे.

बाई स्वतः कोठे असत? त्या पोशाख उतरविण्याच्या खोलीच्या दाराशी असत. संसर्गाचा मोठा धोका पोशाख चढविताना नसतो, उतरविताना असतो. सहा तासांनी थकलेले माणूस घाईने चष्मा ओढते आणि बाहेरचा हात चेहऱ्यास लागतो. प्रत्येक पाळी सुटताना बाई काचेपलीकडे उभ्या राहून एकेक पायरी मोठ्याने उच्चारीत: हात धुवा, वरचा हातमोजा, पुन्हा हात, आता अंगरखा आतून बाहेर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे नोकरी झालेल्या बायकांनाही त्या हे शाळेतल्यासारखे म्हणून दाखवीत, आणि कोणाला त्याचा राग येत नसे. नाइटिंगेलच्या शुश्रूषेवरील पुस्तकात बारीकसारीक व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. नेतृत्व म्हटले की आपल्याला भाषण आठवते. त्या चाणाक्ष बाईला आपल्या गैरहजेरीतही काम नीट चालेल अशी तजवीज आठवली होती.

आमच्या अधिसेविकाबाई देवता होत्या असा समज मात्र नको. जूनमध्ये एका परिचारिकेस संसर्ग झाला. घबराट होईल म्हणून बाईंनी ती गोष्ट दोन दिवस झाकून ठेवली. अर्थात ती कळलीच, आणि कळली तेव्हा मूळ बातमीपेक्षा लपविल्याचा संताप मोठा झाला. दोन महिन्यांची पुण्याई दोन दिवसांत खर्ची पडली. बाईंनी सर्वांसमोर चूक कबूल केली. पुढे रोज सकाळी त्याच भिंतीवर एक ओळ लागू लागली: आज किती जणी आजारी, किती जणी बऱ्या झाल्या. आकडा वाईट असला तरी लागे.

रुग्णालयाबाहेरचे जगही तक्त्यात शिरे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परिचारिकांना घरमालक जागा सोडावयास सांगू लागले. २४ मार्च २०२० रोजी दिल्ली सरकारला अशा घरमालकांविरुद्ध कारवाईचा आदेश काढावा लागला. थाळ्या वाजल्या त्यास तेव्हा पुरते दोन दिवस झाले होते. नंतर सीमांचा प्रश्न आला. दिल्लीतील रुग्णालयांत काम करणाऱ्या कितीतरी परिचारिका गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद, सोनीपत येथे राहतात, कारण तेथे भाडे परवडते. एप्रिल-मे महिन्यांत शेजारच्या जिल्ह्यांनी सीमा बंद केल्या. ओळखपत्र दाखवूनही पहाटे नाक्यावर तास-तास खोळंबा होई. सकाळच्या पाळीची परिचारिका नाक्यावर अडकली म्हणजे रात्रीची परिचारिका तो पोशाख घालून सातव्या, आठव्या तासात शिरे. वसतिगृहांची सोय करताना आम्ही आधी डॉक्टरांच्या खोल्या ठरविल्या आणि परिचारिकांचा विचार आठवड्याने केला. हे कोणी मुद्दाम केले नाही. मुद्दाम न करताही असेच घडते, म्हणून ते नोंदवितो.

एम.ए.ला माझा विषय इतिहास होता, तेव्हा थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ हडपसरला डॉ. यशवंतरावांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला होता. कायदा चार कलमांचा; त्यातील एक कलम सद्भावनेने काम करणाऱ्यांवर खटला भरता येऊ नये यासाठी. अधिकाऱ्यांना अधिकार आणि कवच दोन्ही मिळाली. रोग्यापाशी बसणाऱ्या माणसास मारहाण झाली तर काय, याचा विचार त्या कायद्यात यावयास २२ एप्रिल २०२० चा वटहुकूम उजाडावा लागला. मध्ये १२३ वर्षे गेली. नव्या तरतुदीने असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला आणि तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत शिक्षा आली.

कायदा असूनही जे घडावयाचे ते घडतेच, हे मी एप्रिल २०२१ मध्ये पाहिले. त्या महिन्याच्या २० तारखेस दिल्लीत एका दिवसात २८,३९५ नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूचा तुटवडा, आणि काही रुग्णालयांत त्यापायी झालेले मृत्यू, हे सर्वांस ज्ञात आहे. आमच्याकडे एका रात्री टँकर लांबला. परिचारिका एकेका खाटेपाशी जाऊन प्रवाह जपून कमी करीत होत्या, आणि दरवाजाशी नातेवाईक जमले होते. कार्यालयातून मी कक्षात निरोप धाडला की कोणीतरी बाहेर जाऊन लोकांना समजावावे. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे मी लिहिले नव्हते. गेली ती पाळीवरची सर्वांत तरुण परिचारिका. तिला धक्काबुक्की झाली, चष्मा फुटला. टँकर पहाटे आला.

सकाळी बाई माझ्यासमोर बसल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "सर, टँकर कोठे आहे, हे त्या मुलीला ठाऊक होते का? तुम्हाला ठाऊक होते."

मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून तक्त्याच्या तळाशी एक नवी ओळ आली: दरवाजा. त्या ओळीत परिचारिकेचे नाव नसे. माझे, उपअधीक्षकांचे आणि एका वरिष्ठ डॉक्टरांचे असे. दिवसातून चार वेळा आम्ही बाहेर जाऊन जे खरे असेल ते सांगत असू. पहिल्या दिवशी एका माणसाने माझी कॉलर धरली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस इतरांना शांत करीत होता. त्याची बहीण आत होती. ती वाचली नाही. ते त्याला मीच सांगितले, आणि असे सांगून मागे वळताना पाय कसे जड होतात, हे वर्षभर परिचारिकांना ठाऊक असलेले मला चाळिशी उलटल्यावर कळले.

वरून आलेला आदेश दिलासा देतो तसा घावही घालतो. ५ जून २०२१ रोजी, म्हणजे ती भयंकर लाट नुकती ओसरत असता, दिल्लीतील गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात एक परिपत्रक निघाले: परिचारिकांनी कामावर असताना हिंदी किंवा इंग्रजीच बोलावे, मल्याळममध्ये बोलू नये. देशभर टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेण्यात आले. रुग्णासमोर त्यास कळेल अशा भाषेत बोलावे हे योग्यच. परंतु वर्षभर ज्यांच्या खांद्यावर दिल्ली तगली, त्यांनी आपसांत कोणत्या भाषेत उसासा टाकावा हे कागदावर ठरविण्याची ती वेळ खचितच नव्हती. आमच्या बाईंनी ती बातमी वाचून वर्तमानपत्र घडी करून ठेवले, एवढेच मी पाहिले.

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले होते की, शंभर दिवस करोना-कर्तव्य बजावणाऱ्यांस सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. कंत्राटी मुलींना त्या शंभर दिवसांचे मोल सोन्याचे होते. लाट ओसरल्यावर प्रमाणपत्रे करण्याची वेळ आली, तेव्हा दिवस मोजावयाचे कशावरून? हजेरीपटात कक्षाचे नाव नसे. बाईंनी कपाटातून पाळीचे सारे तक्ते काढून दिले, मार्च २०२० पासूनचे, महिन्यावार टाचलेले. तेच एकमेव साधन ठरले.

चष्मा फुटलेल्या त्या मुलीचे दिवस हिशेबनीसांनी अठ्ठ्याऐंशी काढले. मे महिन्यात ती स्वतः आजारी पडून चौदा दिवस अलग होती, ते त्यांनी गैरहजेरीत धरले. विलगीकरणाचा काळ कर्तव्यकाळ मानण्याचे न्यायालयीन निर्देश २०२० मध्येच झाले होते. परंतु ते कायम कर्मचाऱ्यांना, कंत्राटींना नव्हे, असा त्यांचा मुद्दा. फाईल तीनदा वर-खाली झाली. बाईंनी त्या चौदा चौकटींत तांबड्या शाईने सुट्टीचे अक्षर न लिहिता 'कर्तव्यावर आजारी' असे पूर्ण शब्द लिहिले होते, प्रत्येक चौकटीत, चौदा वेळा. त्या पानाची नक्कल जोडून मी शेरा लिहिला: एकूण दिवस १०२, प्रमाणपत्र द्यावे.

प्रमाणपत्र निघावयास आठ महिने लागले. तोवर बाई निवृत्त होऊन कोट्टायमला गेल्या होत्या, आणि मुलीचे कंत्राट संपले होते. टपाल तिच्या रोहिणीतील जुन्या पत्त्यावरून परत आले. चौकशी करता कळले की ती आयर्लंडमधील एका रुग्णालयात लागली आहे. मी प्रमाणपत्र तिकडे पाठविले. पोहोचल्याचे तिने दोन ओळींत कळविले, आणि विचारले की बाईंचा दूरध्वनी क्रमांक मिळेल का.